दीड-दोन वर्षांच्या पिल्लाला घेऊन अंदमान: काय करायचं, काय सरळ सोडून द्यायचं

अंदमानचं नाव काढलं की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते एवढ्याशा जिवाला कशाला समुद्रात नेताय, आणि दुसरी म्हणते काही होत नाही, तुम्ही तान्हे असताना आम्ही एसटीने अष्टविनायक केले होते. आमची लेक तेव्हा दीड-पावणेदोनची होती, सोबत आजी-आजोबा, आणि निघायच्या आधी मी जे जे शोधत होते ते एकतर हनिमूनवाल्यांनी लिहिलेलं होतं किंवा टूरवाल्यांनी. म्हणून हे नीट क्रमाने लिहितेय. पहिल्यांदाच जाताय असं धरून चाललेय, तर काही गोष्टी माहीत असतील त्या सोडून पुढे जा.

१. कधी जायचं ते मुलाच्या सोयीने ठरवा

डिसेंबर ते मार्च हा चांगला काळ. मेच्या मध्यापासून तिकडे पावसाळा सुरू होतो आणि तो आपल्यासारखा सप्टेंबरअखेर आवरत नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं असतात, बेटांवर जाणाऱ्या बोटींच्या फेऱ्या रद्द होतात. आणि आपण मराठी लोक नेमके दिवाळीच्या सुट्टीत निघतो! अहो पण तुमच्या पिल्लाला अजून शाळाच नाहीये. सुट्ट्यांच्या गर्दीत जायची सक्ती नाही, याचा फायदा घ्या. ख्रिसमसचा आठवडा टाळा, सगळं महाग असतं. जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी बघा. थंडी नसतेच, वर्षभर साधारण २३ ते ३१ डिग्री आणि दमट हवा, म्हणजे मुंबई-कोकणातल्या मुलांना फार वेगळं वाटत नाही, पुणे-नाशिकच्या मुलांना घामोळं येऊ शकतं.

२. आधी तिथलं घड्याळ समजून घ्या

हे कोणी सांगत नाही आणि माझ्या मते लहान मुलासोबत जाताना हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अंदमान मुंबईपेक्षा बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच भारतीय. त्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी चालतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाच-पावणेसहाला उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या आसपास सूर्य मावळतो, साडेपाचला चक्क अंधार. ऊन डोक्यावर येतं ते साडेबाराला नाही, सव्वाअकरा-साडेअकरालाच.

म्हणजे तिथे सकाळी नऊचं ऊन आपल्याकडच्या सव्वादहाच्या उन्हाइतकं तापलेलं असतं. मोठ्या माणसांची गडबड होते ती इथेच, आरामात नाश्ता करून दहाला बीचवर पोचतात आणि पोर लालबुंद होऊन रडायला लागतं. तुम्ही असं करा: उजाडल्यावर लगेच बाहेर, साडेआठपर्यंत पाण्यात खेळ, मग नाश्ता, अंघोळ, जेवण, दुपारची लांब झोप, आणि तीनला परत बाहेर. संध्याकाळी सातला मूल झोपलेलं असेल. घरी रात्री अकरापर्यंत जागणारी आमची लेक तिकडे साडेसातला गाढ झोपायची, न थोपटता. परत आल्यावर ही सवय दोन दिवसात गेली, ती वेगळी गोष्ट.

३. कागदपत्रं

भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर शहर आणि हॅवलॉक, नील या दोन बेटांसाठी परमिट लागत नाही. मुलाचा पासपोर्ट परदेशी असेल, म्हणजे तुम्ही अमेरिका-युरोपातून आला असाल आणि बाळ तिथे जन्मलेलं असेल, तर त्याच्यासाठी नियम वेगळे, निघायच्या आधी अंदमान प्रशासनाच्या साइटवर तपासा. बाकी हे घ्या:

– मुलाचा जन्मदाखला किंवा आधार, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही
– मोठ्यांचं सगळ्यांचं फोटो ओळखपत्र, फेरीच्या वेळीही लागतं
– विमान, फेरी, हॉटेल सगळ्यांची तिकिटं छापून, कारण जेट्टीवर नेट रडतं
– लसीकरणाचं कार्ड (किमान मोबाइलमध्ये फोटो)
– डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर मुलाचं वजन आणि त्या वजनाला औषधाचे डोस

नावांचा घोळ होऊ देऊ नका. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप २०१८ च्या शेवटी झालं. तिकिटावर कधी जुनं नाव दिसेल कधी नवं, जागा त्याच. मी इथे जुनीच नावं लिहितेय, रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे तीच वापरतात.

४. विमान

मुंबई-पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादला बदलून जावं लागतं. चेन्नई किंवा कोलकात्याहून पुढे दोन-सव्वादोन तास. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं, त्याला वेगळी सीट नसते, पण इथे एक खाच आहे: जाताना दोन पूर्ण नसतील आणि येताना झाली असतील तर येतानाची पूर्ण सीट घ्यावी लागते. वाढदिवस तिकडे करायचा प्लॅन असेल तर आधी हिशेब करा.

मधला थांबा किमान दोन-अडीच तासांचा घ्या. तासाभराचा थांबा स्वस्त दिसतो पण डायपर बदलणं, दूध, आणि आजोबांचं बाथरूम यात तास कुठे जातो कळत नाही. दूध, गरम पाणी, बाळाचं खाणं केबिनमध्ये न्यायला देतात, सिक्युरिटीला फक्त वेगळं काढून दाखवायचं. विमान उतरायला लागलं की अंगावर पाजा किंवा पाण्याची सिपर तोंडाला द्या, कानाला दडे बसत नाहीत. उतरणं सुरू होतं ते चाकं टेकायच्या बरंच आधी, म्हणून घोषणा झाली की लगेच.

५. बेटं कमी करा, अजून कमी करा

पाच रात्री-सहा दिवसाच्या पॅकेजमध्ये पोर्ट ब्लेअर, रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, एलिफंट बीच, नील, बाराटांग असं सगळं कोंबलेलं असतं. फोनवर गोड आवाजात सांगतात, बच्चा है तो भी हो जायेगा. होत नाही. म्हणजे होतं, पण तुम्हाला सुट्टीनंतर सुट्टी लागते.

माझा हिशेब असा: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक किंवा नील यातलं एकच बेट सलग तीन-चार रात्री, आणि शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअर. सात-आठ दिवस असतील तरच दोन्ही बेटं.

दोनातलं एक निवडायचं तर? बहुतेक जण हॅवलॉक म्हणतील. मी नील म्हणेन. छोटं बेट आहे, कुठूनही कुठेही दहा-पंधरा मिनिटांत रिक्षाने जाता येतं, गर्दी कमी, शेतं आहेत, गायी-कोंबड्या आहेत, आणि खरं सांगायचं तर दीड वर्षाच्या मुलाला हॅवलॉकच्या राधानगर बीचवरचा सूर्यास्त आणि रस्त्यावरची कोंबडी यातलं कोंबडीच जास्त आवडते. शिवाय भरतपूर बीचचं पाणी लांबवर उथळ. हॅवलॉकला हॉटेलं जास्त आणि चांगली, खाण्याचे पर्याय जास्त, राधानगर खरंच देखणा, तिथे लाइफगार्ड, टॉयलेट, कपडे बदलायची सोय आणि मागे उंच झाडांची दाट सावली आहे. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, मिळालंय. फक्त लाटा भरतपूरपेक्षा मोठ्या.

काय सोडायचं:
बाराटांग: पहाटे साडेतीन-चारला निघून जिरकाटांगच्या चेकपोस्टला रांग लावायची, मग जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात न थांबता जायचं. वाटेत थांबायला बंदी आहे, मग मुलाला उलटी होवो नाहीतर डायपर फुटो. नको.
एलिफंट बीच: स्पीडबोटीने आपटत जायचं, उन्हात थांबायचं. जायचंच असेल तर एकाने जा, दुसऱ्याने मुलाजवळ राहा.
नीलचा नैसर्गिक दगडी पूल: ओहोटीलाच जाता येतं, शेवाळलेले खडक, मूल कडेवर घेऊन पाय घसरला तर काय. आजी-आजोबांसाठीही नाही.
स्कूबा: मुलांसाठी किमान वय १० आहे, पण आईबाबांनी आळीपाळीने जरूर करा, पहाटेचा स्लॉट मागा.

६. फेरी

बेटांवर जायला सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही फेऱ्या. सरकारी खूप स्वस्त, पण वेळ जास्त आणि तिकीट मिळणं कठीण. मूल बरोबर असताना खाजगी घ्या, पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड-दोन तास. मक्रुझ, नॉटिका वगैरे बंद एसी केबिनच्या आहेत, प्रवासात बाहेर डेकवर फिरायला मिळत नाही. ग्रीन ओशनला उघडा डेक आहे. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही त्याला डेक बरा, पण मग तुमची नजर एक क्षण हलता कामा नये.

बुकिंग करताना मुलाचं नाव टाकाच, फुकट असलं तरी. किती वयापर्यंत फुकट हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. तिकिटं महिनाभर आधी काढा, सकाळची फेरी घ्या, समुद्र शांत असतो. आत एसी कडक असतो, म्हणून अंदमानला जाताना स्वेटर कशाला असं म्हणू नका, एक पातळ जाकीट आणि पायमोजे हाताशी ठेवा. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा बोट लागत नाही, मोठ्यांना लागते. निघण्याआधी तासभर जड खाऊ नका, मध्यभागी आणि खालच्या डेकवर बसा, आणि मोठ्यांनी गोळी घ्यायची असेल तर दोघांनी एकाच वेळी झोप आणणारी घेऊ नका, कोणीतरी जागं पाहिजे ना!

आणि हे ठळक अक्षरात समजा: फेरी आणि परतीचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. हवा बिघडली की फेरी रद्द, विमान थांबत नाही. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला म्हणतेय ती यासाठीच.

७. हॉटेलला फोन करून विचारा

फोटो बघून बुकिंग करू नका, फोन करा. तळमजल्याची खोली आहे का. बाल्कनीच्या कठड्यातून मूल निसटेल एवढ्या फटी आहेत का. खोलीपासून पाणी किती पावलांवर आहे, आणि मधे फाटक आहे का (समुद्र दारातच ही जाहिरात आपल्यासाठी धोक्याची घंटा). स्विमिंग पूलला कुंपण आहे का. लाइट गेली तर एसी जनरेटरवर चालतो का, कारण बेटांवर वीज बरीचशी डिझेलवरच येते. मच्छरदाणी, खिडक्यांना जाळ्या, किटली. आणि बाथरूममध्ये बादली-मग आहे ना, हे विचारा, हसू नका. शॉवरखाली किंचाळणारं मूल बादलीत बसवलं की अर्धा तास खुश असतं. आम्हाला एका ठिकाणी फोनवर तळमजला म्हणून सांगितलं आणि पोचल्यावर वरच्या मजल्याची, उघड्या जिन्याची खोली दिली, बदलून मिळाली पण तासभर सामानावर बसून. तेव्हा कबूल केलेलं व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.

८. सामान

पोर्ट ब्लेअरला सगळं मिळतं, बेटांवर मोजकं आणि महाग, तुमचाच ब्रँड मिळेल असं नाही.

– डायपर: रोजचे लागतात त्याच्या दीडपट, दमट हवेत आणि वाळूत जास्त बदलावे लागतात. पाण्यातले डायपर वेगळे, साधा डायपर समुद्रात फुगून गुडघ्यापर्यंत लोंबतो
– फॉर्म्युला देत असाल तर पूर्ण ट्रिपचा
– पूर्ण बाह्यांचे पातळ मलमलचे कपडे, पाण्यात घालायचा फुल स्लीव्ह सूट, मानेवर झडप असलेली टोपी
– कडेवर घ्यायचं कॅरियर. प्रॅम घरी ठेवा, वाळूत त्याचं ओझं तुम्हालाच उचलावं लागतं
– मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट. बोटीवरची जॅकेटं मोठ्यांची असतात. दंडावर फुगवायचे फुगे हे खेळणं आहे, सुरक्षा नाही
– पाण्यात घालायचे बूट, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे पाय कापतात
– दोन जुन्या सुती चादरी, एक बीचवर, एक सावलीसाठी
– छोटा ट्रॅव्हल कुकर किंवा किटली
– रोख पैसे. बेटांवर एटीएम थोडी आणि कधी कधी रिकामी, यूपीआय नेटवर अवलंबून

२०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेट पुष्कळ सुधारलंय, पण बालगीतं डाउनलोड करूनच न्या.

९. खाणं

इथे टेन्शन घेऊ नका. बेटांवर बंगाली वस्ती बरीच, त्यामुळे वरण-भात, बटाट्याची भाजी, मासे सगळीकडे. "बच्चे के लिए बिना मिर्ची" एवढं सांगितलं की मऊ भात करून देतात. घरून मेतकूट, मुगाच्या खिचडीचं कोरडं मिश्रण, नाचणी सत्त्व, लाह्या आणि तुपाची छोटी बाटली नेली होती, बाकी केळी आणि शहाळी तिकडे मुबलक. ताजं दूध हवं तेव्हा मिळेलच असं नाही, टेट्रापॅक किंवा पावडरची सवय निघायच्या आधी घरीच लावून बघा. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद, बर्फ नको, कापून ठेवलेली फळं नकोत. नवीन मासा किंवा कोळंबी पहिल्यांदा तिकडे खाऊ घालू नका, अॅलर्जी निघाली तर बेटावर धावपळ होते.

१०. बीचवर

वेळ वर सांगितलीच. सनस्क्रीन सहा महिन्यांवरच्या मुलांना चालतं, झिंक ऑक्साइडवालं, एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आलं की परत. पण खरं काम कपडे आणि सावली करतात. नारळाच्या झाडाखाली मात्र चादर अंथरू नका, कोकणातल्या माणसाला हे सांगायला लागत नाही, बाकीच्यांसाठी लिहिलं.

भरती-ओहोटीची वेळ रोज हॉटेलात विचारा. हॅवलॉकच्या विजयनगर बीचवर ओहोटीला पाणी लांब जातं, मधे उथळ डबकी राहतात, त्यात खेकडे, छोटे मासे, मुलांची चंगळ. तेच भरतीला कमी वाळू उरते. डबक्यातही मूल हाताच्या अंतरावरच ठेवा, बुडायला फार पाणी लागत नाही. शंखात हात घालू देऊ नका, काहींच्या आत जिवंत प्राणी असतो आणि डंख मारणारेही असतात.

मगरी. हो, आहेत. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि काही किनाऱ्यांवर, खाड्यांच्या तोंडाशी तसे बोर्ड लावलेत. बोर्ड असेल तिथे घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा नाही. लाइफगार्ड आणि माणसं असतील तिथेच, आणि अंधार पडायच्या आत बाहेर.

वाळूतल्या बारीक माश्या, सँडफ्लाय, ह्यांचा खरा त्रास. चावलेलं लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी पाय फोडांनी भरलेले आणि मूल रात्रभर खाजवतं. पहाटे-संध्याकाळी ओल्या वाळूत उघडं बसवू नका, चादरीवर बसवा, पायांना खोबरेल तेलाचा जाड हात द्या (तिथले लोक हेच सांगतात आणि आम्हाला उपयोग झाला), खोलीवर आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ. नखं निघायच्या आदल्या दिवशी कापा.

११. औषधं आणि डॉक्टर

तुमच्या बालरोगतज्ज्ञाला आठवडाभर आधी भेटा. किटमध्ये थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, खाजेसाठी डॉक्टर देतील ते, अँटिसेप्टिक, नाकाचे सलाइन थेंब. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं आहे की २०० मिलीचं ते वाचून तेवढंच पाणी घाला, अंदाजाने कपात ढवळू नका. डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलंच घ्या, टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

डासांसाठी मलम घेताना डब्यावरचं वय बघा, आणि मुलाच्या तळहातांना लावू नका, ते तोंडात जातात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका. सहा-आठ तास डायपर कोरडा, मूल मलूल, रडताना अश्रू नाहीत, असं दिसलं तर वाट बघू नका. बेटांवर सरकारी आरोग्य केंद्रं आहेत, मोठं हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरला जी. बी. पंत. पोचल्या दिवशीच हॉटेलला विचारून केंद्र कुठे आहे ते बघून ठेवा. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना अंदमानला जाऊन आलो हे आधी सांगा.

१२. गाड्या आणि स्कूटर

टॅक्सीत मुलांची सीट नसते. बेटांवर सगळे स्कूटर भाड्याने घेतात, तीन जण एका स्कूटरवर मधे पोर, असे फोटो खूप दिसतात. २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर हार्नेस आणि हेल्मेट सक्तीचं आहे आणि भाड्याच्या स्कूटरबरोबर दोन्ही मिळत नाही. रिक्षा करा, एकच रिक्षावाला सगळ्या दिवसांसाठी ठरवून टाका, दुपारी झोपेला परत आणून सोडतो.

१३. सेल्युलर जेल

मराठी घरातून गेलात आणि पोर्ट ब्लेअरच्या या जेलमधली सावरकरांची कोठडी न बघता आलात तर आजोबा आयुष्यभर ऐकवतील. ती सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात, म्हणून कॅरियर. सकाळी उघडल्या उघडल्या जा, अंगण मोकळं असतं. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो अंधारात, मोठ्या आवाजात, आणि नेमका मुलाच्या झोपेच्या वेळी. आम्ही आजी-आजोबांना पाठवलं आणि आम्ही खोलीवर खिचडी खाल्ली. आजी रडून आल्या, आजोबा रात्रभर १९११ ते १९२१ बोलत होते.

१४. निघताना

शंख, शिंपले, प्रवाळ बेटावरून उचलून आणायला बंदी आहे आणि विमानतळावर बॅगा स्कॅन होतात. दुकानातून घेतलेल्या वस्तूंचं बिल जपा. मुलाच्या खिशात, बुटात, वाळूच्या खेळण्यातल्या बादलीत, आणि डायपर बॅगच्या बाजूच्या कप्प्यात आदल्या रात्रीच हात घालून बघा, तिथे काही ना काही सापडतंच. ओले कपडे वेगळ्या पिशवीत, आणि मधल्या थांब्यासाठी एक कोरडा जोड हातातल्या बॅगेत वर ठेवा.